बारा ओळींचं शिसं

मॉन्तेविदेओत, संध्याकाळच्या पेपरच्या तळघरात
मी अठ्ठावीस वर्षं तिचे शब्द ओतले,
वितळलेल्या शिशात, उलटे.
म्हणून खात्रीनं सांगतो,
एलिदा बेंतान्कोरचे शब्द
इतरांपेक्षा जड नव्हते.
मी तोलले आहेत.
फक्त थंड व्हायला वेळ घ्यायचे.

लोक म्हणायचे, या बाईला काही म्हणून आवडत नाही.
सिनेमाला नावं ठेवायला पगार घेते,
वर फुकटची खुर्ची.
खुर्ची फुकट होती, हे खरं.
तिसऱ्या रांगेत, कडेची, एक स्प्रिंग वर आलेली.
तिच्यात ती पडद्यावरच्या शेवटच्या नावापर्यंत बसायची,
झाडूवाली आली तरी
पाय वर घेऊन.
आमचा दुसरा समीक्षक, म्हातारा फाउस्तो,
मध्यंतरातच कॉफीला जायचा
आणि सगळ्यांबद्दल चांगलं लिहायचा.
तो गेला तेव्हा
निर्मात्यांकडून नऊ पुष्पचक्रं आली.

ओलेगारियो पिरोत्तोचा सिनेमा लागला
त्या ऑगस्टात थिएटरच्या शेगडीला रॉकेल नव्हतं.
दीपगृहाचा रखवालदार,
त्याची न आलेली बायको,
आणि एक कुत्रा.
एलिदानं बारा ओळी दिल्या. अकरावी अशी:
"या दोन तासांत कुठं पाहायचं
हे फक्त कुत्र्याला कळतं."

माझा हात थांबला.
पिरोत्तोची आई आमच्याच गल्लीतली,
या सिनेमापायी शिवणाचं मशीन विकून बसलेली.
मी पहिल्या ओळीतला "कंटाळवाणा" काढला,
"संथ" घातला.
एवढंच. कुत्र्याला हात लावला नाही,
ती ओळ चांगली होती.

दुसऱ्या दिवशी ती जिना उतरून आली,
बोटांना आमचीच शाई.
"संथ नदीला म्हणतात," म्हणाली,
"ती स्तुती झाली.
तुझ्या या शब्दावर विसंबून कुणी
पोराच्या बुटांचे पैसे तिकिटात घातले,
तर ते तू भरणार?"
मी म्हटलं, आणि ज्यानं आईचं मशीन विकलं, त्याचं?
ती बघत राहिली.
"त्याच्यासाठीच तर शेवटपर्यंत बसले."
हे उत्तर होतं की पळवाट,
मला अजून ठरवता आलेलं नाही.

पिरोत्तोनं पुन्हा सिनेमा केला नाही.
बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर
खिळे विकले, कड्या, नळाचे वायसर.
एकवीस वर्षांनी मी कुलूप घ्यायला गेलो.
त्यानं मला ओळखलं नाही,
पण पेपरचं नाव ऐकून
बाराही ओळी तोंडपाठ म्हणून दाखवल्या,
माझ्या "संथ"सकट.
"लांबीबद्दल तिचं बरोबर होतं," सुट्टे मोजत म्हणाला.
"पण कुत्रा आंधळा होता."

हे मी तिला सांगितलं तेव्हा
ती येर्बाच्या पेल्यात गरम पाणी ओतत होती.
पेला भरला, तरी ओतत राहिली.

मग एका रविवारी, दुकानाच्या मागे,
रंगाच्या डब्यांवर आम्ही तिघं.
भिंतीला चादर. यंत्राची घरघर.
कुत्रा समुद्राकडे तोंड करून बसलेला,
बोट दिसायच्या कितीतरी आधी
मान वळवत.
एलिदानं पाय वर घेतले होते, सवयीनं.
पिरोत्तो पडद्याकडे पाहत नव्हता,
तिच्याकडेही नाही.
एका डब्यावरचं लेबल वाचत होता.

दिवा लागला.
"अजूनही लांबच आहे," ती म्हणाली.
"हो."
"पत्रांचा भाग सगळा कापायला हवा होता."
"हो."
तिनं चष्मा काढला, पुसला, बराच वेळ पुसला,
आणि विचारलं,
कुत्र्याचं नाव काय होतं.