फक्त यादी

मला बोलावलं, कारण या यंत्राशी बोलता येणारं
गावात दुसरं कुणी उरलं नव्हतं.
केमी नदीकाठची कागदगिरणी बंद होऊन सोळा वर्षं झाली,
पण वाळवण विभागातल्या माणसांच्या फुप्फुसांचा दावा
अजून कोर्टात उभा आहे,
आणि कोण किती वर्षं तिथं होतं याचा पुरावा
एका टेपवर आहे, म्हणतात.

वकिलानं धाडलेला नीलो तेवीस वर्षांचा.
टेपा चिकटल्या होत्या. मी त्या
अळंबी सुकवायच्या यंत्रात आठ तास ठेवल्या, मंद आचेवर.
त्यानं ते गंभीर चेहऱ्यानं टिपून घेतलं.
आता तळघराला व्हिनेगरचा वास,
आणि थोडा सप्टेंबरातल्या जंगलाचा.

फ्रिजएवढं कपाट. चाकं घरघरली, अडली, पुन्हा वळली.
मी हुकूम दिला: काही उतरवू नकोस, फक्त यादी दाखव.
हिरव्या अक्षरांत नावं वर चढू लागली.
नाव, आकार, तारीख, वेळ.
पेट्या उघडायच्या नाहीत,
वरच्या चिठ्ठ्या तेवढ्या वाचायच्या.
आमच्या दोन ठिपक्यांच्या अक्षरांजागी
महिरपी कंस आणि उभ्या दांड्या.
नीलो अडखळतो. मी सरळ वाचत जाते;
पंचवीस वर्षं आमची आडनावं
अशीच कुंपणात उभी होती.

पगार, १९८७. दोनशे बारा माणसं. सापडलं.
इथं थांबायला हवं होतं.

यादी पुढे सरकली. ओइवाचा कप्पा.
ओइवा रात्रपाळीचा. सकाळी सहाला मी यायचे तेव्हा
तो वहीत "विशेष काही नाही" लिहून
बूट चढवत असायचा. इतकाच संबंध.
हो, आणि माझ्यासाठी अर्धा कप कॉफी,
नेहमी गारढोण.

किर्ये. म्हणजे पत्र.
त्यापुढे अर्धविराम, एक्केचाळीस.
हे यंत्र जुनं पुसून नवं लिहीत नाही,
प्रत्येक खेपेला पुढचा आकडा लावतं.
एक्केचाळीस, चाळीस, एकोणचाळीस,
शेवटाकडून सुरुवातीकडे.
वेळ पहाटे तीनच्या आगेमागे,
तारखा दोन हिवाळ्यांच्या.
पहिल्या खेपेला एक ठोकळा.
तेविसाव्या खेपेला एकोणीस.
मग उतरत उतरत
एक्केचाळिसाव्याला पुन्हा एक.
फार तर पाचशे बारा अक्षरं.

दर शुक्रवारी ही टेप मीच चढवायचे,
मीच लेबल चिकटवून तिजोरीत नेऊन ठेवायचे,
काखेत धरून, अंगण ओलांडून, बर्फातून.

"काढू का?" नीलो हळूच म्हणाला.
"परवानगी पगाराचीच आहे,
पण मी जरा कॉफी आणायला जाऊ शकतो."
चांगला मुलगा आहे.

पण एकोणीस ठोकळ्यांचा एक करायला
त्या माणसाला दोन हिवाळे लागले.
ते सगळं परत पसरायला
मला एक ओळ पुरली असती.
आणि पत्र कुणाला, हे यादीत नसतं.

"जाऊ नकोस," मी म्हटलं.

टेप उलटी गुंडाळत गेली.
वाचणाऱ्या डोक्यावर तपकिरी भुकटी साचली होती.
स्पिरिटच्या बोळ्यानं ती पुसली.
बोळा का कोण जाणे, खिशातच राहिला.

नीलो अहवाल भरत होता.
"उरलेल्या नोंदींच्या रकान्यात काय लिहू?"
"इतर."
"संख्या?"
एक्केचाळीस, मी सांगितलं.
तेवढं मोजायची परवानगी असावी.