मागचं लाल, एक नग

पडगिलवारबाई दुपारच्या एस.टी.नं घाटंजीला उतरल्या,
काखेत सतरंजीची लांबट गुंडाळी,
जसं आजारी बकरीचं पिल्लू कुणी आणतं.
ट्रॉलीच्या फाळक्यावर ठेवली, उलगडली.
"काय होय बाई हे?"
"गाडीचं. मागचं. स्पॉयलर म्हणतात."

मी कवडू पेंटर. ट्रॅक्टर, ट्रॉली, शाळेचे फळे,
एकदा ॲम्ब्युलन्स.
पत्र्याचा माणूस. पत्रा ठोकला की उत्तर देतो.
हे बोटानं दाबलं तर आत गेलं
आणि सावकाश, विचार करत, वर आलं.
वरचा लाल सगळा सुटलेला,
भाजल्या वांग्याच्या सालीसारखा.

प्रज्योतनं विचारलं, "यानं गाडी उडते का जी?"
"उलटं," बाई म्हणाल्या. "वारा ह्याच्यावर बसतो,
गाडीला खाली दाबून धरतो.
भरधाव असली तर. नाही तर शोभा."
आणि सतरंजीची घडी घालता घालता:
"आमच्याकडे बावीस वर्षं शोभाच.
रस्ते कुठं होते?"

पहिल्याच दिवशी चुकलो.
थिनरचा बोळा फिरवला, तर रंगाखालची कातडीच चिकट झाली,
माझा अंगठा तिच्यात रुतला, रेघ न् रेघ.
वीस वर्षांच्या घासकामानं झिजलेला हा अंगठा
रेशनच्या मशीनवर लागत नाही,
इथं लागला.
रात्री बायको म्हणाली,
"नाही जमत त घेतलंच कायले थे?"

मग नुसतं पाणी आणि पेपर.
तीनशे वीस, सहाशे, हजार.
बादलीतलं पाणी लाल, मग गुलाबी, मग राखेचं.
दाबायचं नाही. हाताला सांगावं लागतं,
हात पत्र्याचाच.

स्क्रूच्या वायसरखाली बोराएवढा एक ठिपका निघाला,
ज्यानं ऊन कधी पाहिलंच नव्हतं.
भिवापुरी मिरची, आज कुटलेली.
तो घेऊन पारव्याला गेलो, गाडी बघायला.

तुराट्यांच्या गंजीमागं, चार विटांवर,
डॉक्टरसाहेबांनी मस्कतहून आणलेली दोन दारांची.
इतकी बुटकी की बघायला उकिडवं बसावं लागलं.
तिचा लाल डब्याच्या तळाशी राहिलेल्या तिखटाचा.
"बाई, कोणता करू? तेव्हाचा का आताचा?"
त्यांनी बॉनेटवरची कोंबडी हाकलली.
"गाडी रंगवायला पैसे नाहीत माझ्याजवळ.
एकटी शेपूट नवी दिसली तर लोक हसतील, कवडू."

नवा रंग जुना करायला सहा दिवस लागले.
थोडा पांढरा, जरा पिवळा, काळ्याचा एक थेंब,
पुन्हा अर्धा थेंब, तो जास्त झाला, पुन्हा पहिल्यापासून.
कंपनीच्या कार्डावर सगळे लाल आहेत,
उन्हात उभा राहिलेला नाही.

दुकानाला लागून जिनिंग. डिसेंबरपासून हवेत रुई,
चहावर, भुवयांवर, देवाच्या फोटोवर.
म्हणून पहाटे चारला, जिन झोपलेली असताना,
जमीन पाण्यानं शिंपून, श्वास धरून
लॅकरचा शेवटचा हात मारला.
आरशासारखा बसला.
आणि कुठून तरी, अगदी निवांत,
एक धागा उतरला. टेकला.
चिमटा उचलला.
ओढला तर खड्डा, ठेवला तर केस.
प्रज्योत माझ्याकडे बघत होता.
चिमटा ठेवून दिला.

बाईंनी उजेडात तिरपं धरून पाहिलं, बोट फिरवलं,
बोट त्या जागी थांबलं की नाही मला माहीत नाही,
मी पावतीवर होतो.
पंख लिहू? शेपूट?
लिहिलं: मागचं लाल, एक नग, अठराशे.
त्यांनी दोनदा मोजून दिले, पन्नास कमी,
"सतरंजी ठेव," म्हणाल्या.

चारच्या गाडीत त्यांना खिडकी मिळाली.
मांडीवर मावेना, म्हणून त्यांनी तो
काच सरकवून अर्धा बाहेर धरला, आडवा.
एस.टी. वळणावर गेली.
प्रज्योत म्हणाला, "दबली पाहा जराशी."
"खड्डा होता बे," म्हटलं मी,
आणि दोघंही बघत राहिलो,
वळण रिकामं झालं तरी.