अंगार, मॉडेल दोन

धानगिरणीच्या भिंतीला लागून माझं दुकान.
पाटी नाही.
सालेकशात हीटर बगलेत मारून निघालेला माणूस
दुसरीकडे जाणार कुठे?

'अंगार', मॉडेल दोन.
कंपनी बुडाली तेव्हा मला मिसरूडही नव्हतं.
शिक्षकांच्या पतसंस्थेने एका हिवाळ्यात हप्त्यावर वाटले होते
एकेचाळीस नग.
पत्रा असा की बंडीवरून पडला तरी पोचा येत नाही.
मागे तांब्याचा आरसा, पुढे जाळी,
मध्ये चिनीमातीच्या दोन कांड्या, त्यांवर वेटोळी तार.
बाकी सगळं टिकतं.
कांडी तडकते.

नागपुरात विचारून आलो, गोंदियात भंगाराच्या ढिगात दिवस काढला.
दुकानदार म्हणतो, नवा घ्या ना, साडेसातशेत येतो,
प्लास्टिकचा, पंखेवाला.
नेतात लोक. फाल्गुनात तोच पंखेवाला
खुराड्यावर उपडा, कौलाऐवजी.

शंभर पानी वहीत मी लिहून ठेवतो:
नग सात, हेमनबाई रहांगडाले, कांडी एकोणतीसची.
नग बारा, पोस्टातले उईके, बटण इस्त्रीचं.
नग तेहेतीस, सुटा केला.
सुटा केला म्हणजे काय, ते लिहीत नाही.

लाज वाटते, तरी सांगतो.
कुणी गेल्याचं कळलं की आधी नग आठवतो,
मग चेहरा.
कटरे गुरुजींच्या तेरवीला पंगतीत बसलो होतो,
नजर वरणावरून उठली
आणि आतल्या खोलीच्या कोपऱ्यात गेली.
होता. पोत्याखाली.
दोन्ही कांड्या धड असणार, गुरुजी जपून वापरत.
बुंदी घशाखाली उतरली नाही.

दुसऱ्या दिवशी डुलनबाईंनी तो स्वतःच आणून बाकड्यावर ठेवला.
मी विचारलं, दुरुस्तीला?
"दुरुस्त कायले? चांगला हाय.
दोन माणसाची ऊब एकटीले सोसत नाही बाप्पा."
पैसे घेतले नाहीत.
पोतं मात्र घडी करून परत नेलं.

त्या पौषात गुरुजींची एक कांडी हेमनबाईंकडे गेली,
दुसरी उईक्यांकडे,
थर्मोस्टॅटही हेमनबाईंकडेच.
रात्री त्यातून टिक असा आवाज आला की
त्यांचा नातू पांघरुणातून ओरडतो, हजर!
शाळेत तो गुरुजींच्या हाताखाली नव्हता कधी.
त्याला कुणी शिकवलं, विचारलं नाही मी.

आता एकोणीस जिवंत.
माझ्या डब्यात कांडी एकही नाही.

म्हणून झनकलालकडे गेलो, मडकी करतो तो, आमगावच्या वाटेवर.
तुटकी कांडी हातात घेऊन त्याने आधी वास घेतला.
मग चाळलेली माती, त्यात धानाचा कोंडा, चिमूट राख.
तारेसाठी खाच पाडली सायकलच्या आऱ्याने.
पहिल्या तीन पहिल्याच रात्री टणकन गेल्या.
झनकलाल म्हणाला, घाई मातीले नाही, तुले हाय.
पुढच्या सुकवल्या सावलीत, एकवीस दिवस,
आणि मी तोवर गिऱ्हाइकांना उद्या, उद्या.

आज गुरुजींच्याच रिकाम्या पत्र्यात दोन बसवल्या.
वायर लावली. काहीच नाही.
रात्रीची लाईन मोटारपंपांची, सगळ्या बांध्या पाणी पितात,
व्होल्टेज आमच्या वाट्याला येतं ते उष्टं.
बराच वेळाने तार लाल झाली,
विझत आलेल्या बिडीइतकी.

डुलनबाई दाराशी.
खांद्यावर तेच पोतं.
"जळतेय का काही?"
माती, म्हटलं. पहिल्यांदा तापतेय, वास येणारच.
त्या स्टुलावर बसल्या, हात पुढे केले,
मग हळूच स्टूल थोडं पुढे ओढलं.
"कोणाचा हा?"
अजून कुणाचाच नाही.

कुठेतरी एक पंप थांबला असावा.
तार जरा पिवळसर झाली.
कांडी तडकली तर ऐकू येईल म्हणून
आम्ही दोघं गप्प.
मी वही उघडली,
कंपनीने कधी न काढलेला आकडा लिहिला,
नग बेचाळीस,
आणि पुढची जागा कोरी सोडली.