दोन बोटं माया

ब्लाउज शिवताना मी आतल्या बाजूला
दोन बोटं माया ठेवते.
गिऱ्हाईक म्हणतं, कशाला ताई, काखेत टोचतं.
मी म्हणते, असू दे. पुढे लागेल.

सिडकोत, पवननगरच्या गाळ्यात
माझी सत्तावीस वर्षांची मापांची वही आहे.
खैरनार मॅडम: कंबर अठ्ठावीस,
मग तीस, मग दोनदा खोडून छत्तीस.
अर्ध्या कॉलनीच्या कंबरा मला बोटांनी पाठ आहेत
आणि कुणाचं माप कुणाला सांगत नाही.
माझं पान तेवढं कोरं होतं.

गेल्या डिसेंबरात निफाडला पारा पाचावर आला,
नवरा कानटोपी घालून दोन रजयांखाली,
आणि मी रात्री पावणेतीनला बाल्कनीत,
गाऊन पाठीला चिकटलेला.
खाली शेकोटीपाशी वॉचमन.
ताई, थंडी नाही वाजत?
मीच शेकोटी आहे रे बाबा, असं ओठांवर आलं होतं.
म्हटलं, पाण्याची मोटर चालू राहिली का बघतेय.

पाळी पाच महिने आली नाही.
सहाव्यात आली ती अकरा दिवस.

मला जे येत होतं तेच मी आणखी जोरात केलं.
रात्रीचं जेवण बंद,
पहाटे पांडवलेणी, दोनदा वर, दोनदा खाली.
तिशीत महिन्याला दोन-तीन किलो
मी त्या पायऱ्यांवर सांडून येत असे.
आता काटा जागचा हलेना,
केस मात्र कंगव्यात यायला लागले,
आणि उतरताना डावा गुडघा
तेल न घातलेल्या मशीनसारखा बोलू लागला.
एकदा मिठाच्या बरणीवरून लेकीवर ओरडले.
मग जिन्यात बसून रडले,
बरणी मांडीवर.

डॉ. बोरस्ते बाईंनी रिपोर्ट बाजूला सारले.
शेवटचं जड काय उचललंत?
मशीनचं डोकं, सर्व्हिसिंगला.
तसं नाही. रोज. मुद्दाम.
म्हणजे वजन उतरवायला वजन उचलायचं,
भाकरी सोडायची नाही, उसळ वाटीभर वाढवायची,
आणि झोप. झोप त्यांनी कागदावर दोनदा लिहिली.
मला वाटलं, फी परत मागावी.

आता शटर उघडायच्या आधी
पाच किलो पिठाची पिशवी छातीशी धरून
मी आणि खैरनार मॅडम उठतो, बसतो.
त्या शाळेत पी.टी. शिकवायच्या, शिट्टी अजून गळ्यात.
लहानपणी शिक्षा म्हणून काढलेल्या उठाबशा
या वयात खुशीने काढायच्या,
कटिंगच्या टेबलाला धरून,
पुतळ्याच्या समोर, ज्याची कंबर
कधीच बदलत नाही. मेला.

पांडवलेणी फक्त रविवारी. एकदाच. थांबत.
वर बसलं की हायवेवरचे ट्रक
रिळातून सुटल्या दोऱ्यासारखे मुंबईकडे जाताना दिसतात.
पूर्वी मी कधी बसलेच नव्हते,
पळत वर, पळत खाली,
घड्याळ बघत.

वजनाचं विचाराल तर दीड किलो उतरलं,
त्यातलं एक दिवाळीत परत आलं.
पण शटर हल्ली एका हाताने वर जातं.
आठवड्यातल्या चार रात्री झोप लागते,
तीन रात्री बाल्कनी.

परवा मॅडमनी टेप धरली.
मी पोट आत ओढलं तशी शिट्टी वाजवली त्यांनी.
श्वास सोड.
सोडला.
अडतीस.
माझ्या पानावर पेनाने लिहिलं, पेन्सिलीने नाही.

मग दिराच्या लग्नातला मोरपंखी ब्लाउज काढला,
शिवण उसवली.
आत दोन बोटं माया निघाली,
वीस वर्षांपूर्वी मीच माझ्यासाठी ठेवलेली,
ऊन न लागलेली, रंग अजून ताजा.
सोडवून शिवला तर दोन्ही कुशींना
गडद पट्टे दिसतात.
दिसतात तर दिसतात.

चला, बारापर्यंत आठ साड्यांचे फॉल द्यायचेत.