अकरा किलोमीटर

रान्वा बस चालवते. तोर्सहाव्हनहून निघते
आणि समुद्राखालच्या बोगद्यात शिरते.
अकरा किलोमीटर, मध्ये थांबा नाही.
गेल्या हिवाळ्यापासून हे अंतर ती
मिनिटांत नाही, कळांत मोजते.

रक्त पहिल्यांदा दिसलं तेव्हा तिनं बिटावर ढकललं,
मग मूळव्याधीवर.
सात महिने गोष्ट पोटात ठेवली,
म्हणजे जिथं होती तिथंच.

एका मंगळवारी, बोगद्यातल्या चौकात,
निळ्या उजेडाच्या खांबाला वळसा घालताना
तिला कळलं, आज पोचणार नाही.
बस पोचली.
प्रवासी उतरले. म्हातारा योगवान
"भेटू उद्या" म्हणाला.
ती सीटवरून उठली नाही.

इस्पितळात पडद्यावर तिला आतली वाट दाखवली.
ओल्या, सोललेल्या भिंती,
नळी टेकेल तिथं रक्त.
"हा शेवटाकडून सुरू होतो," डॉक्टर एयडून म्हणाले,
"आणि न तुटता वर चढतो.
तुमचा या वळणावर थांबलाय."
"आणि पलीकडं?"
"पलीकडं सगळं निरोगी. गुलाबी."
तिनं ते परत दाखवायला लावलं.

अल्सरेटिव्ह कोलायटिस. नाव दोनदा लिहून घेतलं.
जाणार कधी?
जात नाही, म्हणाले. निजतो.
निजवत राहायचं.

गोळ्या. रात्री डाव्या कुशीवर पडून
उलट्या वाटेनं औषध.
स्टिरॉइडनं तोंड भाकरीसारखं फुगलं,
झोप उडाली. पहाटे तीनला
तिनं होडीघराचं दार रंगवलं.
दुसऱ्या रात्री परत तेच दार.
मग दर आठ आठवड्यांनी खुर्ची,
दोन तास, थेंबथेंब.
शेजारच्या खुर्चीत सोळा वर्षांचा पोरगा.
"तुलाही?"
त्यानं कानातलं न काढता
सहा बोटं दाखवली. सहा वर्षं.

आईला सांगितलं तेव्हा
ती वाळवलेलं मटण कापत होती.
सुरी थांबली.
"तुझ्या आजोबांच्या होडीत
एक बादली जास्तीची असायची.
कुणी विचारलं नाही.
आम्ही घासून ठेवायचो."

रान्वानं कंपनीला पत्र लिहिलं, दोनच ओळी.
वेळापत्रकात आता छापलंय:
सात बेचाळीस, बोगद्याआधी, पाच मिनिटं.
कारण छापलेलं नाही.
योगवान तिथं सिगारेट ओढायला उतरतो
आणि म्हणतो, बरं झालं,
इतकी वर्षं कुणाला सुचलं कसं नाही.