धोट्याचा हिशेब

जयवंता म्हणाली,
बेंगळूर ते सॅन फ्रान्सिस्को
चौदा हजार किलोमीटर, सतरा तास.
"झोपले की पोचले बगा, आप्पा."

मी सुताच्या पुठ्ठ्यावर आकडे मांडले.
आमचा धोटा तासाला आठ किलोमीटर पळतो,
दिवसाला दहा तास.
लाईट गेली नाही तर
साडेपाच महिने.
आणि तेवढं पळूनही
सव्वा मीटर पन्ह्याच्या बाहेर नाही,
वडगावच्या तर नाहीच.

बॅगेत तेवीस किलोच.
कुंद्याचा डबा काढून
तिनं लुगडं ठेवलं, मग
लुगडं काढून डबा.

सांबऱ्याच्या दारात
पोलिसाशी कानडीत काही बोलली,
वळून मला मराठीत,
"जेवून घ्या."

मग सतरा तास
माग बंद.
लाईट होती.