मस्टर्ड, दोनशे चाळीस नग

पिवळा नाही, ती फोनवर तीनदा म्हणाली,
मस्टर्ड.
मी सांगलीचा माणूस. हळद बघत वाढलो.
आमच्याकडं पिवळ्याला निदान सात नावं असतील,
पण गिऱ्हाइकानं आठवं दिलं तर तेही वहीत लिहायचं.
लिहिलं.

दोनशे चाळीस नग. एकशेऐंशी जीएसएम, बायोवॉश.
छातीवर डावीकडं लोगो: एक पक्षी, किंवा बाण,
किंवा घाईत दुमडलेला कागद.
पाठीवर इंग्रजीत एक ओळ,
तिचा अर्थ एवढाच, की आपण सगळे एक कुटुंब.
निम्मी रक्कम आगाऊ. उरलेली माल पोचल्यावर.

कुपवाडला, बंद सूतगिरणीच्या मागं, माझं दुकान आहे.
म्हणजे खरं तर ते फोनात आहे.
इथं फक्त हीट प्रेस, दोन टेबलं, एक कुरकुरता कूलर
आणि रेहाना पेंढारी, जिच्या घडीत
मापपट्टी लावली तरी सूतभर फरक निघत नाही.
साइटवर लिहिलंय, आमची टीम आपल्याशी संपर्क साधेल.
टीम म्हणजे मी, जेवून हात धुतल्यावर.

चार रात्री छापलं.
एकशेसाठ डिग्री, पंधरा सेकंद. दाब, उचल. दाब, उचल.
तिसऱ्या रात्री लाइट गेली
तेव्हा एक पक्षी अर्धाच चिकटला होता.
रेहाना म्हणाली, ह्याचा एकच पंख कामावर लागला.
खूप हसलो दोघं.

शुक्रवारी खोकी गेली. शनिवारी तिचा फोन बंद.
सोमवारी ऑफिसचा नंबर अस्तित्वात नाही, असं
ती दुसरी बाई सांगत राहिली, जिचा आवाज
कुणाच्याही बुडण्यानं बदलत नाही.
आठव्या दिवशी उमाजी कुरियरवाला तीच खोकी घेऊन दारात.
पावतीवर शेरा: घेणारा जागेवर नाही.
पुण्याच्या पोरानं त्याला सांगितलं होतं,
त्या मजल्यावर आता खुर्च्यांचा लिलाव चाललाय.

हिशेब मांडला. आगाऊत कापड निघालं.
छपाई, वीज, रेहानाच्या चार रात्री माझ्या अंगावर.
टी-शर्ट विकतो मी,
आणि अंगावर येणं म्हणजे काय
हे कळायला मला सहा वर्षं लागली.

महिन्याभरानं एक मेसेज. निनाद कुरणे.
‘मी त्या कंपनीत होतो. अकरा महिने.
टी-शर्ट येणार होते, माझं मापही घेतलं होतं.
एखादा एम आहे का? पैसे देतो.’
कशाला हवा, असं टाइप केलं. खोडलं.
खोक्यातून एम काढला, उघडून बघितला,
दोन्ही पंख आहेत ना.
पैसे घेतले. धंदा आहे.
कुरियरचे नाही घेतले.

बाकीचे मार्केट यार्डात गेले, शंभराला दोन,
हळदीचे सौदे जोरात होते तेव्हा.
अर्ध्या पक्ष्याचा मीच घालतो, प्रेसवर असताना.
जतचा बिराप्पा त्याचा एक्सएल घालून पोती उचलतो.
पाठीवरचं कुटुंब पोत्याखाली जातं,
पोतं उतरलं की पुन्हा वर येतं,
घामेजलेलं, भुकटीत माखलेलं.
मस्टर्डवर हळद दिसत नाही,
एवढ्यासाठी तो कंपनीवर खूश आहे.

परवा चहाच्या गाड्यावर त्यानं विचारलं,
शेट, काय करायची वो ही कंपनी?
म्हणालो, लोकांचा वेळ वाचवायची म्हणं.
त्यानं बशीतला चहा संपवला, बशी पालथी ठेवली.
मग कुठं ठेवलाय, म्हणाला, वाचवलेला?
तेवढ्यात गाडी लागली,
आणि सगळे पिवळे
एकदम उठले.